४३,५६०: एकराचा आकडा कागदावर फोडायचा कसा आणि वावरात वापरायचा कसा

मृग लागायच्या आठवड्यात आपल्याकडच्या कोणत्याही कृषी केंद्राच्या काउंटरपाशी उभे राहा, एक प्रश्न हमखास कानावर येतो. "भाऊ, चार बाय एकवर टोबलं तं एकरी झाडं किती बसते?" काउंटरमागचा पोरगा मोबाइलवर आकडे दाबतो आणि सांगतो, "दहा हजार आठशे नव्वद." त्यानं दाबलेला पहिला आकडा असतो ४३,५६०. एका एकरात तेवढे चौरस फूट. सौदाचिठ्ठी, तारेचं कुंपण, संत्र्याचे खड्डे, भावाभावांची वाटणी, सगळीकडे हाच आकडा फिरत असतो. पाठ सगळ्यांनाच आहे, पण त्याच्या पोटात काय आहे ते फारसं कोणी बघत नाही.

एकदा बघून ठेवलं तर पुढची बरीच गणितं तोंडी होतात. सामान फार नाही. वही, पेन, शंभर फुटी टेप, सुतळी आणि चार खुंट्या. कॅल्क्युलेटर असू द्या, पण पडताळा घेण्यापुरता.

आधी आकड्याचं मूळ

४३,५६० असा वेडावाकडा आकडा का? ४०,००० किंवा ५०,००० का नाही? याचं उत्तर इंग्लंडमध्ये आहे. १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या गणितज्ञानं जमीन मोजायला ६६ फुटांची साखळी रूढ केली. दहा साखळ्या म्हणजे एक फर्लांग, ६६० फूट. एक साखळी रुंद आणि एक फर्लांग लांब पट्टी म्हणजे एक एकर. ६६ ला ६६० नं गुणलं की ४३,५६० येतात.

ही ६६ फुटांची साखळी स्वतः साडेसोळा फुटांच्या चार काठ्यांची. साडेसोळा म्हणजे ३३ चा निम्मा, आणि ३३ मध्ये ११ बसलेला आहे. लांबीतही एक ११, रुंदीतही एक ११. हा अकरा लक्षात ठेवा, आपल्या आकड्याचा सगळा स्वभाव त्यानंच ठरवलाय.

इंग्रजांच्या काळात मोजणी झाली तेव्हा ही मापं इकडे आली. वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून; नागपूर प्रांतात मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत. मुंबई पद्धतीत ३३ फुटांची साखळी वापरत, म्हणून गुंठा ३३ बाय ३३ चा, १,०८९ चौरस फुटांचा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज सातबारा हेक्टर-आरमध्ये (आर म्हणजे १०० चौरस मीटर) निघतो, पण ओट्यावरची भाषा अजून एकराचीच आहे.

पायरी पहिली: आकडा फोडा

मूळ अवयव काढायचे म्हणजे आकड्याला लहानात लहान मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडायचं. शाळेत दोननं भागत भागत खाली उतरायला शिकवतात. इथं त्याहून सोपी वाट आहे.

शेवटी शून्य आहे, म्हणजे १० बाजूला काढा. उरले ४,३५६. शेवटचे दोन अंक ५६, त्याला चारनं भाग जातो, म्हणजे सगळ्या आकड्यालाच जातो. ४ बाजूला, उरले १,०८९. अंकांची बेरीज १ + ० + ८ + ९ = १८, म्हणजे नऊनं भाग जाणार. ९ बाजूला, उरले १२१. ते तर ११ × ११.

आता बाजूला काढलेलं सगळं एकत्र करा. १० मधला एक दोन आणि एक पाच, ४ मधले दोन दोन, ९ मधले दोन तीन, शेवटी दोन अकरा.

४३,५६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ११ × ११

वहीच्या मुखपृष्ठाच्या आत हे लिहून ठेवा. यापुढे भागाकार करायची वेळ फार कमी येईल. एखाद्या संख्येनं भाग जातो का हे पाहायचं असेल तर ती संख्या फोडा आणि तिचे सगळे अवयव या आठांत सापडतात का ते बघा. ३६? दोन दोन आणि दोन तीन, सापडले, भाग जातो. २५? पाच एकच आहे, जात नाही. १६? त्याला २ चार वेळा लागतो, इथं तीनदाच आहे, जात नाही.

अकराची कसोटी वेगळी करून बघा, ती पोरांना फार आवडते. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. ४ + ५ + ० = ९ आणि ३ + ६ = ९. दोन्ही सारख्या आल्या, म्हणजे अकरानं भाग जाणार.

पायरी दुसरी: किती जणांत वाटणी सरळ होते

एकूण विभाजक किती हे मोजायला यादी लिहायची गरज नाही. २ हा अवयव तीनदा आलाय, म्हणजे एखादा विभाजक बनवताना तो घ्यायचा ० ते ३ वेळा, चार पर्याय. तीनचे तीन पर्याय, पाचचे दोन, अकराचे तीन. ४ × ३ × २ × ३ = ७२. बहात्तर संख्यांनी ४३,५६० ला निःशेष भाग जातो.

वाटणीच्या दृष्टीनं यातली गंमत अशी की १ ते १२ पर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भाग जातो, फक्त एक सोडून. दोघे भाऊ असोत, पाच असोत, नऊ असोत, अकरा चुलतभाऊ असोत, प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण चौरस फूट येतात. सात वाटेकरी आले की मात्र आकडा अडतो. प्रत्येकी ६,२२२ आणि वर ६ चौरस फूट शिल्लक. सहा चौरस फुटांत घमेलं ठेवायची जागा होते, भांडायचं कारण नाही, पण कागदावर ते कोणाच्या तरी नावे टाकावे लागतात.

अर्ध्याअर्ध्यानं तोडत गेलं तर एकर तीनदा सरळ तुटतो: २१,७८०, मग १०,८९०, मग ५,४४५. तीन दोन होते, ते संपले. चौथ्यांदा तोडलं की अर्धा चौरस फूट येतो. तसंच १,०८९ ही विषम संख्या आहे, म्हणून अर्धा गुंठा म्हणजे साडेपाचशे नाही, ५४४.५. गुंठ्याचा सोळावा भाग, आणा, तर ६८.०६ चौरस फुटांचा पडतो. गुंठ्याखाली उतरून सौदा करणाऱ्यांनी आकडे गोल करताना कोणाच्या बाजूनं गोल होतायत एवढं बघावं.

सगळ्या बहात्तर विभाजकांची बेरीज १,५५,६१० येते, म्हणजे आकडा स्वतः वगळूनही बेरीज त्याच्यापेक्षा मोठी. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. वावरात याचा काही उपयोग नाही.

पायरी तिसरी: गुंठ्यांचा पाढा, पाठ न करता

१,०८९ चा पाढा एकदा खाली खाली लिहून बघा.

१ गुंठा १,०८९
२ गुंठे २,१७८
३ गुंठे ३,२६७
४ गुंठे ४,३५६
५ गुंठे ५,४४५
६ गुंठे ६,५३४
७ गुंठे ७,६२३
८ गुंठे ८,७१२
९ गुंठे ९,८०१

पहिले दोन अंक बघा: १०, २१, ३२, ४३, ५४, ६५, ७६, ८७, ९८. दर पायरीला ११ नं चढतात. शेवटचे दोन: ८९, ७८, ६७, ५६, ४५, ३४, २३, १२, ०१. दर पायरीला ११ नं उतरतात. कारण एवढंच की १,०८९ मिळवणं म्हणजे १,१०० मिळवून ११ वजा करणं. एवढं कळलं की पाढा कागदाशिवाय म्हणता येतो.

आता पहिली आणि शेवटची ओळ समोरासमोर धरा. १,०८९ उलटं वाचलं की ९,८०१. दोन गुंठ्यांचा आकडा उलटा केला की आठ गुंठे, तीनचा उलटा सात, चारचा उलटा सहा. मधला पाच गुंठ्यांचा ५,४४५ उलटासुलटा सारखाच. समोरासमोरच्या जोडीची बेरीज नेहमी १०,८९०, म्हणजे दहा गुंठे, पाव एकर. दहा गुंठ्यांच्या तुकड्यातून तीन विकले तर उरले किती? तीनचा आकडा उलटा करा, ७,६२३.

पोरांसाठी याच संख्येचा एक खेळ आहे. त्यांना तीन अंकी संख्या घ्यायला सांगा, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. ती उलटी करा, मोठीतून लहान वजा करा. आलेली वजाबाकी पुन्हा उलटी करा आणि दोन्ही मिळवा. ७२५ घेतले तर ७२५ − ५२७ = १९८, आणि १९८ + ८९१ = १,०८९. दुसरी कोणतीही घ्या, उत्तर गुंठाच येतो. वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ अशी तीन अंकी लिहायची. हे असं होतं कारण वजाबाकी नेहमी ९९ च्या पटीत येते, आणि ९९ च्या अशा प्रत्येक पटीत मधला अंक ९ आणि बाजूच्या दोघांची बेरीजही ९ असते.

असल्या खेळांचा विषय निघाला की दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं नाव घ्यावंच लागतं. डहाणूचा जन्म, देवळालीच्या शाळेत मास्तर, आणि १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चा गुणधर्म लोकांसमोर ठेवला. चार अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, चढत्या क्रमानं मांडायचे, वजा करायचं, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ च येतो. आपला चार गुंठ्यांचा ४,३५६ घेऊन बघा: ६५४३ − ३४५६ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तिसऱ्या फेरीत पोचला. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या हे नाव दिलं. ४३,५६० च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ नं भागलं की बरोबर २,४२०. आपला एकर हर्षद आहे.

पायरी चौथी: एकराचे छत्तीस आकार

बहात्तर विभाजक म्हणजे छत्तीस जोड्या, आणि प्रत्येक जोडी म्हणजे पूर्ण फुटांच्या बाजूंचं एक एकराचं वावर. क्षेत्र सगळ्यांचं एकच, पण कुंपणाचा खर्च एकसारखा नाही.

१९८ × २२० चा घेर ८३६ फूट
१८० × २४२ चा ८४४
१३२ × ३३० चा ९२४
११० × ३९६ चा १,०१२
६६ × ६६० चा १,४५२
३३ × १,३२० चा २,७०६

रानडुकरांपायी चार पदरी तार ओढायची म्हटलं तर पहिल्या वावराला ३,३४४ फूट तार, साखळी-फर्लांगाच्या पट्टीला ५,८०८ फूट. वाटण्या होत होत आपली वावरं लांबोळकी का झाली ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येकाला पांदण (वावरात जायची वाट) लागायला पाहिजे, म्हणून उभे काप पडतात. तो काप तारेत किती पडतो ते या आकड्यांत दिसतं. वाटणीच्या वेळी एक सामाईक वाट सोडून आडवे काप घेतले तर घेर बराच कमी होतो, पण हे बोलणं कागदावर सोपं आहे.

तुमच्या वावराची एक बाजू ठरलेली असेल तर एकर कुठं संपतो हे काढायला ४३,५६० ला त्या बाजूनं भागा. धुरा (वावराची बांधाची कड) ३६३ फूट असेल तर १२० फूट रुंदीला एकर पुरा होतो. आणि इथं मजूर लावणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट आहे. ३६३ फूट लांब तास (पिकाची ओळ) आणि दोन तासांत ३ फुटांचं अंतर असेल, तर एक तास म्हणजे बरोबर एक गुंठा, कारण ३ × ३६३ = १,०८९. चाळीस तास निंदले की एकर निंदला, टेप काढायची गरज नाही. तुमचा तास ३६३ चा नसेल तर एकदा त्याची लांबी मोजून अंतरानं गुणा आणि एकरात किती तास येतात ते धुऱ्यावरच्या झाडाला खडूनं लिहून ठेवा.

प्लॉट पाडणाऱ्यांचा लाडका ३० × ४० या आकड्यात बसत नाही. १,२०० फोडले तर चार दोन आणि दोन पाच लागतात, आपल्याकडे तीन दोन आणि एकच पाच आहे. भागाकार ३६.३ येतो. ३० × ४४ घेतला तर बरोबर ३३ बसतात. अर्थात रस्ते आणि मोकळी जागा सोडल्यावर हा हिशोब निराळाच होतो.

पायरी पाचवी: झाडांची संख्या

सूत्र एकच. ४३,५६० ला दोन ओळींतल्या अंतरानं आणि दोन झाडांतल्या अंतरानं भागायचं, दोन्ही फुटांत.

पऱ्हाटी (कापूस) ४ × १ वर १०,८९०. ३ × १ वर १४,५२०. ५ × १ वर ८,७१२. ४ × १.५ वर ७,२६०. ३ × १.५ वर ९,६८०. सघन लागवडीत ३ फूट × अर्धा फूट घेतलं तर २९,०४०. सगळी उत्तरं पूर्णांकात येतात, कारण भाजक दोन, तीन आणि पाचचेच बनलेले आहेत. साडेतीन फुटांचा पट्टा आणि फुटावर झाड घेऊन बघा, १२,४४५.७ असं लोंबतं उत्तर येतं. साडेतीन म्हणजे साताचा निम्मा, आणि सात आपल्याकडे नाही.

कृषी विद्यापीठांच्या आणि संशोधन केंद्रांच्या शिफारशी सेंटीमीटरमध्ये असतात. ९० × १५ सेंमी ही ३ फूट × ६ इंच धरली जाते, पण ३ फूट म्हणजे ९१.४४ सेंमी आणि ६ इंच म्हणजे १५.२४. नेमक्या ९० × १५ वर एकरी २९,९७७ च्या आसपास झाडं येतात. फरक नऊशे-साडेनऊशेचा. उगवण आणि नांग्यांमध्ये (ओळीतल्या रिकाम्या जागांमध्ये) याहून जास्त झाडं जातात, त्यामुळे बियाण्याच्या हिशोबाला फुटाचं माप चालतं.

संत्र्याच्या बागेत मात्र आकड्यापेक्षा आकाराकडे बघा. चौरस लागवडीत अंतराचा वर्ग ४३,५६० मध्ये बसला तरच झाडं पूर्णांकात येतात. आपल्या अवयवांतून जोड्या काढा: दोनची एक जोडी, तीनची एक, अकराची एक. २ × ३ × ११ = ६६. म्हणजे ६६ चे विभाजकच चालतात: १, २, ३, ६, ११, २२, ३३, ६६ फूट. बागेला यातलं २२ तेवढं कामाचं. २२ × २२ वर ९० झाडं, १९८ × २२० च्या वावरात नऊ ओळी, प्रत्येकीत दहा.

लोक लावतात १८ × १८ किंवा २० × २०. अठराला सूत्र सांगतं १३४.४. त्याच १९८ × २२० च्या वावरात प्रत्यक्ष आखणी केली तर १९८ मध्ये ११ ओळी बरोबर बसतात, २२० मध्ये १२ झाडं बसून चार फूट उरतात, एकूण १३२. वीस फुटांचं उलटं होतं. सूत्र म्हणतं १०८.९. जमिनीवर २२० मध्ये ११ बरोबर बसतात, १९८ मध्ये दहाव्या ओळीला दोन फूट कमी पडतात. पण दोन्ही धुऱ्यांपासून दहाऐवजी नऊ फूट सोडले की दहावी ओळ बसते, आणि झाडं होतात ११०. म्हणून कलमांची ऑर्डर द्यायच्या आधी खुंट्या ठोकून बघा. सूत्रावर विसंबून १०९ कलमं आणली की शेवटचा खड्डा रिकामा राहतो.

पायरी सहावी: उभं पीक मोजणं

सोयाबीन उगवून पंधरा-वीस दिवसांची झाली की एकरी झाडं किती राहिली ते कळायला पाहिजे, कारण मोडायचं की ठेवायचं हे त्यावर ठरतं. सगळं वावर कोण मोजणार? एकराचा हजारावा भाग मोजा. हजारावा भाग म्हणजे ४३.५६ चौरस फूट. त्याला ओळींतल्या अंतरानं भागा, तेवढ्या फूट लांबीची झाडं मोजा आणि पुढं तीन शून्यं लावा.

दीड फुटांच्या ओळीला २९.०४ फूट, म्हणजे २९ फूट आणि अर्धा इंच. दोन फुटांच्या ओळीला २१.७८. तीन फुटांना १४.५२, चार फुटांना १०.८९. दीड फुटांच्या सोयाबीनमध्ये २९ फुटांत १४० झाडं सापडली तर एकरी १ लाख ४० हजार. ताडून बघायला: दीड फूट × २ इंच या अंतरावर एकही नांगा नसता तर १,७४,२४० झाडं असती. हा आकडा चौरस इंचांतून येतो. एकरात ६२,७२,६४० चौरस इंच, भागिले १८ × २.

सुतळीवर एकदा २९ फूट अर्ध्या इंचाची गाठ मारून ती खिशात ठेवा. वावरात शिरल्याबरोबर पहिल्या तासात मोजू नका, धुऱ्यालगतचं पीक वेगळं असतं. आत जाऊन पाच-सहा ठिकाणी, चांगलं-वाईट न बघता सुतळी टाका आणि सरासरी घ्या. जिथं पीक दाट दिसतं तिथंच हात जातो, हे पक्कं ध्यानात ठेवा.

पावसाचा हिशोब एका ओळीत सांगतो. एकरावर एक इंच पाऊस पडला की ४३,५६० ÷ १२ = ३,६३० घनफूट पाणी, म्हणजे एक लाख दोन हजार सातशे नव्वद लीटर. दहा हजार लीटरचे दहा टँकर आणि वर थोडं.

पायरी सातवी: चौकोनी एकर, टेपवर न दिसणारी बाजू

बरोबर चौरस एक एकर आखायचा म्हटलं तर बाजू किती? ४३,५६० च्या वर्गमुळाएवढी, आणि ते पूर्णांकात निघत नाही. वर्गसंख्येत प्रत्येक अवयव जोडीनं यावा लागतो. इथं एक दोन आणि एक पाच सुटे पडतात. गुंठ्यांच्या भाषेत सांगायचं तर गुंठा स्वतः ३३ चा वर्ग आहे, पण ४० ही वर्गसंख्या नाही. चार गुंठे ६६ × ६६ मध्ये बसतात, छत्तीस गुंठे १९८ × १९८ मध्ये. अडीच एकर ३३० × ३३० मध्ये आणि दहा एकर ६६० × ६६० मध्ये. एकटा एकर बसत नाही.

२०८ घेतले तर २९६ चौरस फूट कमी पडतात, २०९ घेतले तर १२१ जास्त होतात. खरी बाजू २०८ फूट साडेआठ इंचांच्या जवळ. पण ती सुतळीनं नेमकी काढता येते, कारण ४० = ३६ + ४. छत्तीस गुंठ्यांचा चौरस आणि चार गुंठ्यांचा चौरस मिळून चाळीस गुंठ्यांचा चौरस होतो, आणि दोन चौरसांचा एक करायचा म्हटलं की काटकोन त्रिकोण समोर येतो.

एका कोपऱ्यात खुंटी ठोका. तिथून एका दिशेला ३० फुटांवर आणि दुसऱ्या दिशेला ४० फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर नेमकं ५० फूट येईपर्यंत दुसरी दिशा हलवा. आला काटकोन. पाया आखताना गवंडी हेच करतो, फक्त तो ३-४-५ घेतो. मोठ्या वावरात मोठी मापं घ्या, चूक कमी होते. आता एका दिशेला ६६ फूट आणि दुसरीला १९८ फूट मोजून खुंट्या ठोका. या दोन खुंट्यांमध्ये ताणलेली सुतळी म्हणजे एक एकराच्या चौरसाची बाजू. ६६ चा वर्ग ४,३५६, १९८ चा ३९,२०४, बेरीज ४३,५६०. पूर्ण फुटांत असा त्रिकोण एवढा एकच मिळतो, दुसरी जोडी शोधत बसू नका.

कापडी टेप ओढला की लांबतो आणि उन्हात सैल पडतो, म्हणून हे काम स्टीलच्या टेपनं करा. आणि धुऱ्याचा वाद असेल तर ही सुतळी बाजूला ठेवून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. आपण काढतो तो झाडांचा आणि तारेचा हिशोब, हद्द नाही.

हेक्टरशी गाठ पडल्यावर

बोलताना "एक गुंठा म्हणजे एक आर" असं सगळेच म्हणतात. गुंठा १.०१ आरपेक्षा थोडा जास्तच आहे. एकर म्हणजे ४,०४६.८६ चौरस मीटर, ४०.४७ आर. कोणी ४० आरचा सातबारा दाखवून "पुरा एकर" म्हणत असेल तर त्यात ५०४ चौरस फूट कमी आहेत, जवळजवळ अर्धा गुंठा. गावठाणालगतच्या भावात ही रक्कम लहान नसते. उलट ३३० × ३३० चं अडीच एकरांचं वावर हेक्टरपेक्षा थोडं मोठं भरतं, १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर.

हेक्टरमध्ये १०,००० चौरस मीटर, आणि ते फोडले तर चार दोन आणि चार पाच निघतात. ना तीन, ना अकरा. विभाजक फक्त पंचवीस. एकराचे तीन भाग करायला बसलात तर प्रत्येकी १४,५२० चौरस फूट, काम संपलं. एक हेक्टर तीन भावांत वाटायला गेलात तर प्रत्येकी ३३ आर ३३ चौरस मीटर आणि एक चौरस मीटर शिल्लक. तो कोणाच्या हिश्श्यात टाकायचा ते अर्जावर सह्या करायच्या आधीच तिघांनी बोलून घ्या, आणि शक्यतो ज्याच्या वाट्याला विहीर आली त्याच्याकडे देऊ नका.